वेशीपर्यंतचा स्वार

खंडाळा, जि. सातारा
दि. ७ जुलै १९६६

प्रिय नानासो,

नमस्कार. तुझं पाकीट काल हातात पडलं. आधी ते घाटातल्या खंडाळ्याला जाऊन, चार दिवस तिथली हवा खाऊन इकडं आलं. वर तसा शिक्का आहे. यापुढं ‘जिल्हा सातारा’ ठळक लिहीत जा. वहिनींचा ताप उतरला हे वाचून बरं वाटलं. तुझ्या आईंना नमस्कार सांग. आमच्याकडं सगळे खुशाल. शालूला इथलं पाणी मानवलं. माझी आई आमच्याबरोबर आलीच नाही, बौद्धवाड्यातलं आपलं खोपट सोडायला तयार नाही, ते तुला ठाऊकच आहे. जाता येता तिची विचारपूस करत असशील.

न सांगता बदली घेतली म्हणून तू रागावलास. अरे, सरकारी नोकराला कोण विचारतं? हुकूम आला, आठ दिवसांत हजर व्हायचं होतं. कुंडलच्या गुरांच्या दवाखान्याचा चार्ज द्यायचा, सामान बांधायचं, या गडबडीत तुझ्याकडं यायचं राहून गेलं. राहून गेलं, एवढंच.

यल्लाप्पांच्या पायाबद्दल तू काही लिहिलं नाहीस. प्लास्टर काढलं का?

इथं काम मेंढ्यांचं. खुरं सडलेली, अंगावर लूत, आणि धनगर माणसं अशी की औषध मेंढीला द्यायचं का आपण प्यायचं हे दोनदा विचारतात. गावं डोंगराच्या कडेला, रस्ता म्हणजे नुसती दगडं. सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं. एका धनगरानं परवा आपलं तट्टू पुढं केलं. म्हणाला, “बसा डाक्टर, पाय मोडून घ्याल.” मी म्हटलं, मला बसता येत नाही. सायकल खांद्यावर घेऊन पुढं निघालो. पाच महिने झाले, कुठल्याच जनावराच्या पाठीवर बसलो नाही.

तू लिहितोस, पाखरी कुणाला बसू देत नाही. गड्यानं चढायचा प्रयत्न केला तर त्याला तिनं भिंतीला दाबलं. बरोबर आहे. तिचं तोंड फार हळवं आहे. लगाम ओढला की ती डोकं वर टाकते, डोकं वर टाकलं की लोक आणखी ओढतात. गड्याला सांग, पहिले आठ दिवस बसूच नको. खरारा कर, चंदी तुझ्या हातानं घाल, कानामागं खाजव. तिला डाव्या बाजूनं कुणी घाईनं आलेलं खपत नाही. हे सगळं मला यल्लाप्पांनी शिकवलं. त्यांनाच विचार ना. तबेल्यातच असतील की अजून?

हे लिहिताना मला ते दिवस आठवले, म्हणून लिहितो. तुला कंटाळा आला तर पुढचं पान सोडून दे.

पाखरीला तू बाजारातून आणलीस त्याला तीन वर्षं होतील. रिसाल्यात नोकरी केलेल्या बापाच्या घरात घोडं नाही हे बरं दिसत नाही, असं तू म्हणायचास. दुसऱ्याच आठवड्यात तिच्या पोटात कळ आली आणि तू मला बोलावणं धाडलंस. दुपारभर मी तिला येरळा नदीच्या वाळूत चालवत होतो. बसू द्यायची नव्हती, लोळू द्यायची नव्हती. यल्लाप्पा बाजूनं चालत होते. सांगली संस्थानच्या पागेत वीस वर्षं घोडी सांभाळलेला मोतद्दार म्हातारा. मला वाटलं, माझ्या औषधाला नावं ठेवणार. घोडी सुटली, शेण टाकलं, तेव्हा ते तुला म्हणाले, “मालक, ह्याला बशिवतो म्या. ह्याचं हात बगा. जनावराला बोलत्यात.”

चौतीस वर्षांचा माणूस मी. त्या वयात घोड्यावर बसायला शिकणं म्हणजे आपल्याच हाडांशी नव्यानं ओळख करून घेणं. महिनाभर पाय ठेवायला रिकीब दिली नाही म्हाताऱ्यानं. उघड्या पाठीवर दुडकी चाल. मांड्या सोलवटून निघाल्या, दवाखान्यात मी उभ्यानं रजिस्टर लिहायचो. गुडघा आणि घोडी यांच्यामध्ये पळसाचं पान ठेवायचे आणि म्हणायचे, “पान पडलं तर तू पडलास.” पान पडायचं. मीही पडायचो. वाळू होती म्हणून वाचलो. लगाम कसा धरायचा? “कोंबडीचं अंडं धरल्यागत. सोडायचं बी न्हाई, फोडायचं बी न्हाई.” सातव्या का आठव्या महिन्यात एका सकाळी पाखरी दुडकीवरून आपणहून चौखूर सुटली आणि मला पहिल्यांदा कळलं की मी घाबरलेलो नाही. माझ्या बापानं आयुष्यभर मेलेली ढोरं ओढली. मी जिवंत जनावराच्या पाठीवर बसून नदी ओलांडत होतो. तू काठावरच्या करंजाखाली बसला होतास. टाळ्या वाजवल्यास. साताऱ्याच्या बोर्डिंगात मी गणितात पहिला आलो तेव्हा वाजवल्या होत्यास, तशाच.

असो. पत्र लांबलं. यल्लाप्पांना माझा निरोप सांग. काय निरोप ते मला सुचत नाही. नुसतं नाव सांग.

तुझा
आकाराम


खंडाळा, जि. सातारा
दि. ११ डिसेंबर १९६६

नानासो,

पाकीट मिळालं. तुमच्याकडं सगळे बरे आहात, ऊस कारखान्याला वेळेवर गेला, हे वाचलं. आम्हीही बरे आहोत.

फोटो शालूनं आधी बघितला. मी फिरतीवर होतो, पाकीट तिनंच फोडलं. मी आलो तेव्हा ती तो दिव्याच्या खांबाजवळ धरून उभी होती. फोटो चांगला आलाय. तू पाखरीवर बसलेला, फेटा, गळ्यात हार, हातात कप. पाखरीचे कान उभे. खाली मी, लगाम धरून. मागं तुझ्या अक्षरात: ‘पाखरीचा विजय. मालक नानासो, सोबत आकाराम.’

शालूनं विचारलं, “सोबत म्हंजी?”

मी बूट काढत होतो.

“तुमी मला सांगितलं व्हतं, घोडी बुजली म्हणून येशीत उतरलासा. ह्यात तर घोडी गाईगत उभी हाय.”

त्या दिवशी ती माहेरी होती. मी तिला खोटं सांगितलं होतं आणि ते दहा महिने टिकलं. तुझ्या फोटोनं ते संपवलं. मग जेवण झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं, तुझी एक गोष्ट सोडून. आज तुला लिहितो. तुला यातलं निम्मंच ठाऊक आहे.

तू लिहितोस: फेब्रुवारीत सांगलीला पुन्हा घोड्यांचं प्रदर्शन आहे, आठ दिवसांची रजा काढ, पाखरी तुझ्याशिवाय कुणाची नाही, यंदाही कप आपलाच. आणि खाली: यंदा मिरवणुकीला पलूसचा बँड सांगितलाय, हलगीचा घोळ नको.

त्या ओळीसाठी मी हे पत्र लिहितोय.

आधी सांगलीचं सांगतो. तिथं काही वाईट झालं नाही. तो दिवस मला कुणी मागितला तरी मी देणार नाही. हौशी स्वारांच्या वर्गात आम्ही अकरा जण होतो. मिरजेचे डॉक्टर, एक फौजदार, गिरणीवाल्याचा मुलगा विलायती बूट घालून आलेला. माझे बूट खात्याचे, गमबूट. नाव लिहून घेणाऱ्या कारकुनानं विचारलं, “स्वार कोण?” तू म्हणालास, “हा. आकाराम सखाराम होवाळ.” आडनाव तू खणखणीत उच्चारलंस. कारकुनानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि लिहिलं. मग ते लाउडस्पीकरवरून सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. माझ्या बापाचं नाव इतक्या लोकांनी एकदम कधी ऐकलं नव्हतं.

पाखरी त्या दिवशी माझ्या मनातलं आधी ओळखत होती. चाल, दुडकी, चौखूर, कुडाच्या तीन उड्या. तिसऱ्या उडीला डॉक्टरांचा घोडा अडला, गिरणीवाल्याचा मुलगा पडला. आम्ही गेलो. पंच म्हणून आलेल्या पेन्शनर कर्नलनं कप देताना विचारलं, “कोणत्या रिसाल्यात होतास?” मी म्हटलं, “गुरांच्या दवाखान्यात, साहेब.” ते हसले. यल्लाप्पा हसले नाहीत. ते घोडीच्या पायांवरून हात फिरवत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला म्हणाले, “पान पडलं न्हाई, पोरा.”

ट्रकनं आपण परत आलो. गावाच्या फाट्यावर पाखरीला उतरवलं. तू म्हणालास, “बस. मिरवत नेऊ.” तूच म्हणालास, हे मी विसरलो नाही. तुझ्या मनात त्या वेळी काही नव्हतं. मी बसलो. ज्योतिबा मांगानं हलगी धरली, पोरं नाचायला लागली, तू माझ्या रिकिबीला हात लावून बाजूनं चालत होतास. अर्धा मैल. त्या अर्ध्या मैलात मी पुन्हा विशीत गेलो होतो.

वेशीत माणसं उभी होती. तुझे चुलते, पोलीस पाटील, आणखी चौघे-पाचजण. तुझे चुलते तुझ्या कानाशी लागले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, यायची गरजही नव्हती. तू माझ्याकडं आलास. तुझा चेहरा मी बोर्डिंगात एकदाच असा बघितला होता, तुला उलट्या झाल्या होत्या तेव्हा. तू म्हणालास, “आकाराम, जरा...”

पुढं तू काय म्हणणार होतास? मी दहा महिने विचार करतोय. ‘जरा थांब’ म्हणणार होतास? ‘जरा दम धर, मी बघतो’ म्हणणार होतास? ते मला कधी कळणार नाही. कारण तुझं ‘जरा’ ऐकलं आणि माझा उजवा पाय घोडीच्या पाठीवरून खाली आला. मी उतरलो. कुणी ओढलं नाही, कुणी शिवी दिली नाही. दीक्षा घेऊन दहा वर्षं होत आली, सरकारी शिक्का खिशात, कप हातात, आणि मी शाळेतल्या पोरासारखा, मास्तरानं छडी उचलायच्या आधी हात पुढं करावा, तसा उतरलो. तुझ्यावर राग धरायला मला जागाच ठेवली नाही मी.

मग कप तुझ्या हातात दिला. हार तुझ्या गळ्यात गेला. यल्लाप्पांनी ओंजळ करून तुला वर चढवलं. आणि फोटोवाल्यानं फोटो काढला.

आता जे तुला, मला आणि यल्लाप्पांनाच ठाऊक आहे ते. तुला घोड्याची भीती वाटते. नवव्या वर्षी बापानं तुला जबरदस्तीनं बसवलं, घोड्यानं विहिरीच्या काठावर टाकलं, तेव्हापासून. मी हे कधी कुणाला बोललो नाही, शालूलाही नाही. वेशीतून आत जाताना तुझा गुडघा माझ्या खांद्याला लागत होता आणि तो थरथरत होता. वरून लोकांना हात जोडत तू खाली मला म्हणत होतास, “घट्ट धर. सोडू नको, आकाराम. तुझ्या पाया पडतो, सोडू नको.” मी म्हणालो, “न्हाई सोडत.” आणि धरला होता. पाखरीशी बोलत होतो. मारुतीच्या देवळापर्यंत तिला पावलापावलानं मीच आणली. तोपर्यंत मला तुझी कीवच येत होती, खरं सांगतो.

देवळाच्या पलीकडं, आमच्या वाड्याकडं वळणाऱ्या बोळाच्या तोंडाशी आई उभी होती. नवं लुगडं नेसून आली होती. तिला कुणी तरी सांगितलं होतं की आकाराम घोड्यावर बसून येतोय. मी तिच्याकडं बघायचं टाळत होतो. मला वाटलं, ही रडेल. मला वाटलं, ही सगळ्यांदेखत तुला काही तरी बोलेल; मला तेही चाललं असतं. ती जवळ आली, माझ्या दंडाला हात लावला आणि हळूच म्हणाली, “शाना हायस. उतरलास त्ये लय बरं केलंस.”

तिच्या तोंडावर समाधान होतं, नानासो. पोरगं संकटातून सुटलं, असं.

मी मूठ उघडली.

हलगीनं घोडी बुजली नाही. ज्योतिबा दहा हात पुढं होता आणि पाखरी त्याची हलगी फाट्यापासून ऐकत होती. मी लगाम सोडला. सुटला नाही, सोडला. तू वर आहेस, तुला बसता येत नाही, हे ठाऊक असताना सोडला. तू पडावास म्हणून. सगळ्या गावानं बघावं म्हणून. तोंडातला भार एकदम गेला, तशी ती दचकली, डोकं वर टाकलं, तू तिच्या मानेला मिठी मारलीस आणि ओरडलास. तुझं ओरडणं मला आवडलं. तेवढ्यात यल्लाप्पा दुसऱ्या बाजूनं आत घुसले. साठीचा म्हातारा. त्यांनी तोंडाजवळ लगाम पकडला, आणि तिचा पुढचा खूर त्यांच्या नडगीवर आला. तो आवाज तूही ऐकलास.

तू पडला नाहीस. लोकांनी तुला झेलला.

आणि पोलीस पाटील ओरडला, “हलगी घोडीच्या तोंडाम्होरं वाजिवतोस व्हय रं?” मग ज्योतिबाला मारलं. तुला आठवतं का? तुला पाणी पाजत होते, तुझं लक्ष नसेल. माझं होतं. त्याची हलगी पायानं फोडली. तो मार खाताना माझ्याकडंच बघून म्हणत होता, “डाक्टर, तुमी सांगा की वो. तुमी व्हता न्हवं तितं.” मी यल्लाप्पांच्या पायाला फळी बांधत होतो. माझं काम चाललं होतं. मी मान वर केली नाही.

यल्लाप्पांना सांगलीला दवाखान्यात भेटायला गेलो होतो. तिथं ते म्हणाले, “तुजी मूठ म्या बगितली.” एवढंच. मग भिंतीकडं तोंड केलं. मी घरी आलो आणि बदलीचा अर्ज लिहिला. हुकूम आपोआप आला नाही. मी मागून घेतला.

आई पत्र लिहून घेते शेजारच्या पोरीकडून. तिच्या पत्रातून मला कळतं: यल्लाप्पा काठी घेऊन चालतात, तुझ्या तबेल्यात आता त्यांना काम नाही. ज्योतिबाला लग्नाला, जत्रेला कुणी बोलावत नाही. तो आणि त्याची बायको ऊसतोडीला जातात. घोडी बुजवणारा, असं त्याला पोरं चिडवतात. आणि तू पलूसचा बँड सांगितलास.

मी फेब्रुवारीत येणार नाही. मी पाखरीवर बसणार नाही. ती भीती नाही. तिच्या तोंडाला माझा हात आता खोटा लागेल.

माझं मागणं एकच आहे. चावडीवर चार माणसं बोलाव आणि सांग की लगाम आकारामनं सोडला. माझं नाव घे, मला काय व्हायचं ते होऊ दे. ज्योतिबाला परत बोलाव, हलगी त्याची असू दे. वेशीतलं काही सांगू नको, तुझं गुडघ्याचं काही सांगू नको. ते मी मागत नाही. फक्त एवढं सांग.

फोटो मी ठेवून घेतलाय. शालू फाडणार होती. मी म्हटलं, राहू दे. त्यात माझी मूठ अजून मिटलेली आहे.

उत्तराची वाट बघतो.

आकाराम


खंडाळा, जि. सातारा
दि. ९ जानेवारी १९६७

नानासो यांस,

तुमचं उत्तर आलं. मी लिहिलेला कागद तुम्ही चुलीत घातला, ही आपल्या दोघांतली गोष्ट आहे, मनाला लावून घेऊ नये, यल्लाप्पांकडं तुम्ही बघाल, ज्योतिबाचं जत्रा झाल्यावर बघू, आणि मी रजेचं तेवढं पक्कं करावं, असं तुम्ही लिहिलंत. पोचलं.

पाकीट बंद असतं, ते तुम्ही एकट्यानं वाचता आणि चुलीत घालता. म्हणून या वेळी पाकीट आणलं नाही. हे उघडं कार्ड आहे. इथला पोस्टमास्तर ते वाचेल. किर्लोस्करवाडीला गाडीतून उतरलं की तिथं वाचतील. गावात ते आधी चावडीवर पडेल, आणि ज्याला अक्षर येतं तो ज्याला येत नाही त्याला वाचून दाखवेल. तसं व्हावं म्हणून मी अक्षर बारीक पण सुटं काढतोय; जागा पुरेल एवढंच लिहितो.

वाचणाऱ्या मंडळींना सांगणं असं की, गेल्या फेब्रुवारीत मिरवणुकीत नानासोंची घोडी पाखरी बिथरली आणि यल्लाप्पा मोतद्दारांचा पाय मोडला, त्यात ज्योतिबा हलगीवाल्याचा काही दोष नव्हता. घोडीचा लगाम माझ्या हातात होता आणि मी तो जाणूनबुजून सोडला. ज्योतिबाला मार बसला तेव्हा मी समोर होतो आणि गप्प राहिलो. मार माझा होता. त्याची हलगी फोडली तीही माझ्यामुळं. माझी आई भामाबाई हिला यातलं काही ठाऊक नाही, तिला कुणी बोल लावू नये.

ज्योतिबा, हे तुला कुणी वाचून दाखवलं तर ऐक: तू मला विचारलं होतंस, ‘तुमी सांगा की वो.’ अकरा महिन्यांनी सांगतोय.

यल्लाप्पांना भेटायला मी रविवारी येतोय. घोडं नाही, गाडी नाही, फाट्यावरून चालत, दिवसाउजेडी, वेशीतून. ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी तिथं थांबावं. लगाम का सोडला असं कुणी विचारलं, तर तेही सांगेन. त्या वेळी तुम्ही तिथं असलात तर बरं होईल, नानासो. तुमच्या तोंडचं ‘जरा’च्या पुढचं वाक्य मला अजून हवं आहे.

ज्यांना रविवारपर्यंत धीर नाही त्यांच्यासाठी माझा पत्ता:

आकाराम सखाराम होवाळ
स्टॉकमन, गुरांचा दवाखाना, खंडाळा, जिल्हा सातारा